दाद कुठे मागायची?

ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ए-लेव्हलचे, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेचे, निकाल लागले. करोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, म्हणून शिक्षकांनी अंदाजाने दिलेल्या श्रेणी एका अल्गोरिदममधून, म्हणजे संगणकाला दिलेल्या हिशेबाच्या सूत्रातून, फिरवून घेतल्या होत्या. त्यात जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या. शाळेचा मागच्या वर्षांचा निकाल कसा होता यावर यंदाच्या मुलाची श्रेणी बेतलेली होती, त्यामुळे बेताच्या निकालाच्या शाळेतलं हुशार पोर आपल्याच शाळेच्या इतिहासाखाली दबलं. ज्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुलं होती, तिथे मात्र शिक्षकांचा अंदाज जसाच्या तसा धरला गेला, आणि इतके छोटे वर्ग जास्त करून भरपूर फी घेणाऱ्या खासगी शाळांत असतात. मुलं रस्त्यावर उतरली, पालक संतापले, वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलून धरलं. १३ तारखेला लागलेला निकाल १७ तारखेला सरकारने मागे घेतला.

हे चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. एआयच्या नीतीविषयी जे काही वाचायला मिळतं त्यात न्याय्यता, पारदर्शकता, उत्तरदायित्व हे शब्द हमखास असतात. युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयच्या नीतीबद्दलची शिफारस मंजूर केली, तिला १९३ देशांची संमती आहे. तिच्यातल्या तत्त्वांना माझी काडीचीही हरकत नाही. पण कुठलीही घटना समोर आली की माझं लक्ष आधी तीन गोष्टींकडे जातं. यंत्र कुठे चुकलं, ती चूक कुणाला भोगावी लागली, आणि ती निस्तरायला किती काळ गेला. जगातली विषमता या शेवटच्या मापाने जितकी लख्ख दिसते तितकी मला दुसऱ्या कशाने दिसलेली नाही. माझी उमेदीची सगळी वर्षं गणित शिकवण्यात गेली. चुकीची मला भीती वाटत नाही. चूक दाखवून द्यायला जागाच नसणं, याची वाटते.

ऑस्ट्रेलियात जे घडलं ते तर थेट माझ्या वर्गातलं आहे. तो धडा सरासरीचा. तिथे बेरोजगारांना, विद्यार्थ्यांना, आजारी माणसांना सरकारकडून दर पंधरवड्याला भत्ता मिळतो. त्या पंधरवड्यात आपण किती कमावलं ते कळवायचं, आणि त्या हिशेबाने भत्ता कमी-जास्त होतो. २०१५ नंतर सरकारने एक नवी पद्धत आणली, तिला लोक पुढे 'रोबोडेट' (यंत्राने काढलेलं कर्ज) म्हणू लागले. करखात्याकडे त्या माणसाच्या वर्षभराच्या कमाईचा आकडा असतो. तो घ्यायचा, २६ पंधरवड्यांत सारखा वाटायचा, आणि आलेली सरासरी त्या माणसाने दर पंधरवड्याला कळवलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. जुळलं नाही की विचारणा, आणि समाधानकारक उत्तर आलं नाही की थकबाकी वसुली. पूर्वी अशी तफावत दिसली तर कर्मचारी त्यात लक्ष घालायचा, नोकरी देणाऱ्याकडे चौकशी करायचा. नव्या पद्धतीत तो माणूस मधून काढून टाकला.

आता समजा, एका मुलीला वर्षातले १३ पंधरवडे काम मिळालं, प्रत्येक पंधरवड्याला २,००० डॉलर. उरलेले १३ पंधरवडे हाताला काम नव्हतं. तेव्हा तिने 'कमाई शून्य' असं कळवलं आणि भत्ता घेतला. ते अगदी खरं होतं. वर्षाची कमाई झाली २६,००० डॉलर. भागिले २६, सरासरी १,०००. यंत्राच्या लेखी ही मुलगी बिनकामाच्या प्रत्येक पंधरवड्यातही १,००० डॉलर कमावत होती आणि सरकारपासून लपवत होती. ती लबाड ठरली, आणि तेही सहावी-सातवीच्या गणितात.

सरासरीवरून मूळचे आकडे परत काढता येत नाहीत, हे मी पोरांना दरवर्षी घोटून घ्यायचे. पण या प्रकरणातली खरी मेख त्याच्याही पुढे आहे. ज्याचा पगार वर्षभर सारखा असतो, त्याची सरासरी आणि त्याची खरी कमाई एकच येते. त्याच्या बाबतीत ही पद्धत कधीच चुकणार नाही. ज्याची नोकरी सुटते, पुन्हा लागते, ज्याला तासांवर किंवा हंगामापुरतं काम मिळतं, त्याच्याच बाबतीत ती चुकते. आणि भत्ता असतो तो याच माणसासाठी. म्हणजे ज्यांच्यासाठी ही सगळी व्यवस्था, नेमकं त्यांनाच हे गणित पकडत होतं. कुणाच्या मनात गरिबांबद्दल आकस असण्याची गरजच पडली नाही, भागाकाराने तेवढं काम केलं.

आणि नोटीस चुकीची आहे हे सिद्ध कुणी करायचं? जिला ती आली तिनेच. चार-पाच वर्षांपूर्वी एखाद्या कॅफेत तीन महिने केलेल्या कामाच्या पगारपावत्या शोधून आणायच्या. तो कॅफे तोवर बंद पडलेला असू शकतो, मालकाचा पत्ता लागत नसू शकतो. सुरुवातीच्या पत्रांवर तर या कामासाठी नेमलेल्या खास मदत-कक्षाचा फोन नंबरही छापलेला नव्हता. चार लाखांहून जास्त लोक यात सापडले. पद्धत बेकायदेशीर आहे हे न्यायालयासमोर मान्य व्हायला नोव्हेंबर २०१९ उजाडला. पुढे सरकारला पैसे परत करावे लागले, भरपाई द्यावी लागली, आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. ही योजना ओबडधोबड आणि क्रूर होती, न्याय्य नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असं आयोगाने लिहिलं आहे. ज्यांनी आपला जीव दिला अशा दोन तरुणांच्या आयांनी त्या आयोगापुढे साक्ष दिली.

यात एआय कुठे आहे, हा तर साधा भागाकार, असं मला ऐकवलं गेलं आहे. आहेच साधा. मग ज्या पद्धतीचं पोट उघडून पाहायला एक ओळ पुरते, ती रोखायला जर चार वर्षं लागली, तर डेटावरून स्वतः शिकणाऱ्या ज्या मॉडेलच्या आत अब्जावधी आकडे आहेत आणि ते तसं का बोललं हे बनवणाऱ्यांनाही नेमकं सांगता येत नाही, त्याच्याविरुद्ध तीच मुलगी काय सिद्ध करणार आहे?

नेदरलँड्समध्ये तर अशी शिकणारी यंत्रणाच होती. पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. कुणाचे अर्ज संशयास्पद आहेत हे ठरवणाऱ्या मॉडेलमध्ये नागरिकत्व हा एक निकष होता, डच नसलेला अर्जदार जास्त धोक्याचा. एखादी सही राहिली, एखादा कागद अपुरा राहिला, एवढ्यावर पालकांना फसवे ठरवून वर्षानुवर्षांचा सगळा भत्ता परत मागितला गेला. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, कुणाची घरं गेली, हजाराहून जास्त मुलांना आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवण्यात आलं. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने या प्रकरणावरून राजीनामा दिला. दोन महिन्यांनी निवडणूक झाली, आणि रुटे पुन्हा पंतप्रधान झाले. भरपाईचं काम त्यानंतरही वर्षानुवर्षं रेंगाळलं.

इंग्लंडमधल्या मुलांना चार दिवस लागले. त्यांच्यात सगळ्या थरांतली मुलं होती, सुखवस्तू घरांतलीही होती, आणि सगळ्यांचा निकाल एकाच सकाळी लागल्यामुळे सगळ्यांना एकाच सकाळी कळलं. भत्त्याची नोटीस ज्याच्या त्याच्या घरी एकेकट्याने येते. शरमेने माणूस ती शेजाऱ्यालाही दाखवत नाही. लाखभर लोकांवर एकच अन्याय होत असतो आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकलं असणार. या एकेकटेपणाबद्दल एआयच्या नीतीच्या चर्चेत फार कमी बोललं जातं. यंत्र निर्णय मोठ्या संख्येने घेतं, भोगणारा मात्र एकटा असतो.

तरीही ऑस्ट्रेलियातल्या आणि नेदरलँड्समधल्या माणसांकडे स्वतःचं न्यायालय होतं, स्वतःची संसद होती, त्यांच्या भाषेतली वर्तमानपत्रं होती, आणि चूक करणारं सरकार त्यांच्याच मतांवर निवडून आलेलं होतं. चूक करणारा समुद्रापलीकडे असेल तेव्हा काय होतं?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आलं. ते घाण ओकू नये म्हणून घाण म्हणजे काय हे त्याला आधी शिकवावं लागलं होतं. त्यासाठी २०२१ च्या अखेरीस ते बनवणाऱ्या ओपनएआयने सामा या कंपनीशी करार केले, आणि तिची माणसं केनियात नैरोबीला बसून मजकूर वाचत होती. मुलांवरचे अत्याचार, खून, छळ, आत्महत्या यांची सविस्तर वर्णनं वाचायची आणि कुठल्या प्रकारात मोडतं ते लेबल लावायचं. टाइम नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये हे उघड केलं. करारात तासाला १२.५० डॉलर असा दर होता, वाचणाऱ्याच्या हातात तासाला साधारण १.३२ ते २ डॉलर पडत होते. कामगार म्हणाले की मानसिक आधाराची सोय पुरेशी नव्हती, कंपनीने ते नाकारलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते काम मुदतीआधीच थांबवलं गेलं.

आज मी कुठल्याही चॅटबॉटला काही विचारते आणि उत्तर सभ्य भाषेत येतं, त्या सभ्यतेमागे असं वाचन आहे. कुणीतरी ते माझ्यासाठी आधी वाचून ठेवलेलं आहे. ही गोष्ट मला खरोखर पोटात कालवणारी वाटते, आणि 'सुरक्षित एआय' हे शब्द मी आता त्या माणसांना वगळून वाचू शकत नाही.

त्याच नैरोबीत फेसबुकवरचा मजकूर तपासण्याचंही काम चालायचं. डॅनियल मोटाउंग हा दक्षिण आफ्रिकेतला तरुण तिथे काम करत होता. त्याने सहकाऱ्यांना संघटित करायचा प्रयत्न केला आणि त्याची नोकरी गेली. मे २०२२ मध्ये त्याने फेसबुकची मालक कंपनी मेटा आणि तिचं हे काम करणारी सामा या दोघींवर केनियाच्या न्यायालयात दावा लावला. मेटाचं म्हणणं काय होतं, तर आमची कंपनी केनियात नोंदलेली नाही, इथल्या न्यायालयाला आमच्यावर अधिकारच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. मेटा अपिलात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही फेटाळलं. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ गेला तो फक्त एवढं ठरायला, की हा माणूस इथे दाद मागू शकतो. अन्याय झाला की नाही हा प्रश्न त्याच्या पुढचा. याच प्रकारच्या दुसऱ्या दाव्यात १४० हून अधिक मॉडरेटरना, म्हणजे असा मजकूर तपासणाऱ्यांना, तीव्र मानसिक आघाताचा विकार असल्याचं वैद्यकीय निदान झालं, ते २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं.

ज्या देशातला दर स्वस्त म्हणून काम तिथे नेलं, त्या देशाचा कायदा मात्र आम्हाला लागू नाही, हे म्हणणं मला या सगळ्या विषयातलं सर्वांत उघडं पाप वाटतं. चेहरा ओळखण्यातल्या चुका वगैरे यापुढे मला तांत्रिक वाटतात. त्या निदान मोजता येतात. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये मोजून दाखवलं की चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत फार तर ०.८ टक्के चुकतात आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. वर्षभरात पुन्हा मोजलं तेव्हा नाव घेतलेल्या तिन्ही कंपन्या सुधारल्या होत्या. ज्यांचं नाव पहिल्या अभ्यासात नव्हतं अशा दोन कंपन्यांच्या चुका मात्र त्यांच्याहून बऱ्याच जास्त निघाल्या. चार लोकांत नाव घेतलं की चूक सुधारते, एवढं तरी त्यातून दिसलं.

या कामाच्या जवळपास मी स्वतःही आहे, म्हणून हे सगळं लिहायला बसले. गेली काही वर्षं मी घरून मराठी उत्तरं तपासते. स्क्रीनवर एक प्रश्न येतो आणि त्याची दोन उत्तरं, डावं आणि उजवं. कुठलं बरं, कितपत बरं, त्यात काही खोटं आहे का, कुणाला इजा होईल असं काही आहे का, हे खुणा करून सांगायचं आणि दोन-तीन वाक्यांत कारण लिहायचं. नैरोबीतल्या माणसांसारखं भयंकर काही माझ्या वाट्याला येत नाही. मला हे काम आवडतं. मराठीत नीट उत्तर द्यायला यंत्र शिकत असेल तर त्यात माझा हातभार असावा असं मनापासून वाटतं.

या कामात अधूनमधून 'गोल्ड' टास्क येतात. त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि ते आपल्या उत्तराशी जुळतं का यावर आपला क्वालिटी स्कोअर ठरतो. कुठलं टास्क गोल्ड आहे ते करताना कळत नाही. एकदा प्रश्न असा होता: एका वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्क्यांनी कमी केली, तर ती मूळ किमतीला येईल का? डावं उत्तर म्हणत होतं, हो, वाढ आणि घट सारखीच आहे, म्हणून किंमत तीच राहील. छान, सोप्या भाषेत, उदाहरणासकट. उजवं उत्तर जरा रूक्ष होतं, पण बरोबर होतं. १०० चे १२० होतात, आणि १२० चे २० टक्के म्हणजे २४, ते वजा केले की ९६. मी उजवं निवडलं. ते गोल्ड निघालं आणि माझं उत्तर चूक धरलं गेलं. उत्तरतालिकेत डावं होतं.

मी तालिका चुकली आहे असं कळवायला गेले तर कळवायची जागाच नव्हती. 'समजलं' असं एकच बटण होतं. माझा स्कोअर थोडा घसरला, त्याने माझं काही अडलं नाही. आमच्यातल्या एका मुलीचं अडलं. ती माझ्याहून पुष्कळ जास्त तास काम करायची, घर त्यावर चालायचं. तिचे असेच स्कोअर घसरत गेले आणि एका सकाळी अकाउंट बंद. कारण म्हणून एक ओळ, की आपलं काम गुणवत्तेच्या निकषांत बसत नाही. शेवटच्या आठवड्यातल्या कामाचं पेमेंट अडकलं ते अडकलंच. तिने सपोर्टला मेल केला तेव्हा काही सेकंदांत उत्तर आलं, म्हणजे ते कुणी माणसाने लिहिलेलं नव्हतं. दाद ना फिर्याद. शाळेत पेपर तपासताना उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागायचा हक्क नापास पोरालाही असतो. इथे यंत्राला बरोबर-चूक शिकवणाऱ्या बाईला तो नाही.

हे काही आमच्याच नशिबी आलेलं नाही. छोटी छोटी कामं इंटरनेटवरून लोकांना वाटणारं ॲमेझॉनचं मेकॅनिकल टर्क हे व्यासपीठ २००५ मध्ये सुरू झालं. चित्रं ओळखायला यंत्रांना ज्यातून शिकवलं त्या इमेजनेटमधल्या लाखो चित्रांवर याच व्यासपीठावरच्या, १६७ देशांतल्या हजारो लोकांनी लेबलं लावली. तिथे काम देणारा माणूस केलेलं काम नापसंत करू शकतो, पैसे देत नाही, आणि काम मात्र त्याच्याकडेच राहतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथली मध्यक कमाई तासाला २ डॉलरच्या आसपास निघाली होती. काम देणारे कामगारांना गुण देतात, मग कामगारांनीही काम देणाऱ्यांना गुण द्यावेत, या विचारातून टर्कॉप्टिकॉन नावाची सोय उभी राहिली. कोण वेळेवर पैसे देतो, कोण कारण नसताना काम नाकारतो, हे कामगार तिथे एकमेकांना सांगू लागले. नैरोबीतही १ मे २०२३ रोजी दीडशेहून जास्त मॉडरेटरनी एकत्र येऊन संघटना करायचं ठरवलं. दाद मागायची जागा कुणी दिली नाही तेव्हा लोकांनी ती अशी बांधायला घेतली.

भाषेच्या बाबतीत तर दाद मागावी हेही कुणाला सुचलं नव्हतं. ही मॉडेलं मजकुराचे तुकडे करून वाचतात, त्या तुकड्यांना टोकन म्हणतात, आणि व्यावसायिक वापराचे पैसे टोकनांवर मोजले जातात. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवं मॉडेल आणताना स्वतःच तुलना दिली होती. एकाच मजकुराला पूर्वी इंग्रजीत २७ टोकन लागत, मराठीत ९६, गुजरातीत १४५. नव्या पद्धतीत इंग्रजीला २४, मराठीला आणि गुजरातीला ३३. सुधारणा झाली याचा मला आनंद आहे. पण तोवर तेच बोलणं मराठीत करणाऱ्याला साडेतीनपट महाग पडत होतं, आणि ते बिलावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

नियम करणारे कुठे बसतात तेही पाहायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार मंडळाने सप्टेंबर २०२४ च्या अहवालात एआयच्या कारभाराबद्दलचे सात आंतरराष्ट्रीय उपक्रम तपासले. सातही ठिकाणी सामील असलेले देश निघाले सात. एकाही ठिकाणी नसलेले ११८, आणि त्यातले बहुतेक गरीब किंवा विकसनशील. युरोपचा एआय कायदा माझ्या मते चांगला आहे. कामाच्या जागी कर्मचाऱ्याच्या भावना चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या यंत्रणांवर त्याने जवळपास बंदी घातली आहे. मात्र ती बंदी युरोपातल्या वापरापुरती आणि विक्रीपुरती. तीच वस्तू तिथे बनवून बाहेर विकायला त्या कायद्याची आडकाठी नाही. जे आपल्या माणसांसाठी अमानुष ठरवलं ते दुसऱ्याच्या माणसांना विकायला मोकळं कसं, याचं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये म्हटलं की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना एआयचा स्पर्श होईल, श्रीमंत देशांत ६० टक्के, सर्वांत गरीब देशांत २६ टक्के. हे आकडे सांगून गरीब देश वाचले असं म्हणणारे लोक मला भेटतात. नाणेनिधी तसं म्हणत नाही. या देशांकडे लागणाऱ्या सोयी आणि शिकलेलं मनुष्यबळ कमी, त्यामुळे फायदा उचलणं त्यांना जड जाईल आणि देशादेशांतली दरी वाढेल, असा इशारा त्यात आहे. २०२४ मध्ये जगातल्या २६० कोटी माणसांकडे इंटरनेटच नव्हतं. इंटरनेटवरून त्यांचा डेटा कुणी घेत नाही हे खरं, पण त्यांच्याबद्दलचे निर्णय इतरांच्या डेटावर शिकलेली यंत्रं घेणार, हेही तितकंच खरं.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला 'ते हिकू मीडिया' नावाचं, तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांचं नभोवाणी केंद्र आहे. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या लोकांना आवाहन केलं, आणि दहा दिवसांत तीनशे तासांहून जास्त माओरी बोलणं ध्वनिमुद्रित करून जमवलं. त्यावरून त्यांनी माओरी बोलणं लिहून घेणारी यंत्रणा स्वतः बनवली. ती ध्वनिमुद्रणं विकत मागितली गेली तेव्हा त्यांनी नकार दिला. हा आवाज आमच्या वाडवडलांचा आहे, आम्ही त्याचे राखणदार आहोत, आणि त्याचा वापर आमच्या लोकांच्या भल्यासाठीच होईल, असा परवानाच त्यांनी लिहून ठेवला आहे. नंतर दाद मागत फिरण्यापेक्षा आधी 'नाही' म्हणता येणं किती मोलाचं आहे, हे मला त्यांच्याकडे पाहून कळतं. अर्थात त्यासाठी आपलं आपल्या ताब्यात असावं लागतं, आणि बहुतेकांचं ते केव्हाच गेलेलं आहे.

आम्ही उत्तरं तपासणाऱ्या काही जणांनी मिळून आता कंपनीला पत्र लिहायला घेतलं आहे. अकाउंट बंद करायचं तर कारण लेखी द्या, टास्क क्रमांकासकट. गोल्डचं उत्तर चुकलंय असं वाटलं तर ते कळवायची सोय द्या आणि ते माणसाने तपासावं. काम नाकारलंत तर ते वापरू नका, वापरलंत तर पैसे द्या. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. चौथ्या मागणीवर अडलं आहे. त्याच कामाला दुसऱ्या भाषांतल्या तपासणाऱ्यांना कितीतरी जास्त दर मिळतो, तो सारखा करा, अशी ती मागणी आहे. काहींचं म्हणणं पडलं की हे लिहिलं तर ते काम उचलून आणखी स्वस्त ठिकाणी नेतील. त्यांची भीती खोटी नाही. ही कामं अशीच एका देशातून दुसऱ्या देशात सरकत आली आहेत, आणि ज्यांचं घर यावर चालतं त्यांना मी धीर धरा असं सांगू शकत नाही. माझं मत तरीही ती मागणी ठेवावी असंच आहे, कारण बाकीच्या तिन्ही मान्य झाल्या आणि दर तोच राहिला, तर आमच्या तासाची किंमत कमी का, हा प्रश्न विचारायचाच राहून जाईल.

सहीला माझं नाव सर्वांत वर घाला असं मी सांगितलं आहे. मला पेन्शन आहे, अकाउंट गेलं तरी माझी चूल बंद पडणार नाही. ज्यांची पडेल त्यांनी सही केली नाही तरी आमचं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. तुम्हीही असं काम करत असाल, कुठल्याही भाषेत, कुठेही, तर मला लिहा. मसुदा पाठवते. चौथ्या मागणीसकट.